उलथलेला पट

"सांगलीचे दामोदरपंत जोगळेकर! फडावर या!"

भोंग्यातून आवाज आला आणि अण्णांच्या हातातला उसाच्या रसाचा पेला तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जत्रेतल्या पाळण्याकडे बघितलं. हलगी कडाडली आणि पुन्हा तेच नाव, या वेळी आणखी मोठ्यानं.

"शालन, हा काय प्रकार आहे?"

"तुमचं नाव पुकारतायत."

"ते मला ऐकू येतंय. दिलं कुणी?"

"मी."

अण्णांनी पेला बाकावर ठेवला. चिडले की ते फार सभ्य बोलायचे. "असं का केलंस, हे विचारत नाही. आता जाऊन सांग, की ते गृहस्थ गेले."

"तसं जमत न्हाई ओ मास्तर," रसवाला चरकातून ऊस काढत मध्येच म्हणाला. "एकदा नाव पुकारलं की एक तर फडावर जायाचं, न्हाईतर गाव सोडायचं. गाव सोडलं तर हलगीवाला एस्टीपतुर मागनं वाजवत येतो. गेल्या साली कराडच्या एका वकिलाला असंच पोचवलं."

मला हसू फुटलं. अण्णांना नाही. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि फडाच्या दिशेनं चालू लागले. मी मागून धावले. हसतेय का रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रातली. मी बावीस वर्षांची होते, बी.ए. झालेली आणि घरात सगळ्यांशी भांडणारी. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि आमच्या बुद्धिबळ मंडळाचे सचिव होते. आणि ज्यांच्यासमोर बसायला त्यांचं नाव मी देऊन आले होते, ते तात्या हुपरीकर.

बुद्धिबळाच्या पुस्तकांत तात्या आता दोन ओळींत आटोपतात. तीनदा राज्यविजेते, आणि अंतिम फेरीत पट उलथून दिल्याबद्दल आजन्म बंदी. तो पट ज्यांच्यासमोर उलथला ते अण्णा होते.

वीस वर्षांपूर्वीची पुण्यातली स्पर्धा, शेवटचा डाव, बक्षीस द्यायला मंत्री येऊन बसलेले. अण्णा हत्ती खेळायला हात पुढे करतात आणि तात्या ओरडतात, "घोड्याला हात लागला! घोडा खेळा!" बुद्धिबळात हात लागला की ते मोहरं खेळावंच लागतं. नुसतं सरळ करायचं असलं तर आधी "नीट करतो" असं म्हणायचं आणि मगच हात लावायचा. अण्णा तसं काही म्हणाले नव्हते आणि घोडा खेळले असते तर सरळ सरळ हरले असते. पंचांनी अण्णांना विचारलं, हात लागला का? अण्णा म्हणाले, नाही. पंचांनी ते मानलं. तात्या उठले, दोन्ही हातांनी पट उलथला, मंत्र्यांच्या पायाशी उंट गडगडत गेला म्हणतात. "पंच विकलेला आणि हा जोगळेकर खोटा," असं सगळ्या सभागृहाला ऐकवून ते जे निघून गेले, ते पुन्हा स्पर्धेत दिसले नाहीत.

विजेतेपद अण्णांना मिळालं. त्या चांदीच्या कपात आई चमचे ठेवायची. अण्णांनीही त्यानंतर कधी स्पर्धा खेळली नाही. तात्या मात्र गप्प बसले नाहीत. वर्तमानपत्रांना पत्रं लिहून झाली, सगळे नवे विजेते बोगस असल्याचं सांगून झालं, मुलाखतीला आलेल्या एका पत्रकारावर कुत्रं सोडून झालं. आणि भेटेल त्याला एकच ऐकवायचं: जोगळेकर खोटा. एक मुलगा मला बघायला आला होता. त्याच्या काकांनी पोहे खाताखाता विचारलं, "घोड्याला हात लावणारे जोगळेकर ते आपणच का?" त्यांचे पोहे संपेपर्यंत मी गप्प बसले आणि मग मुलाला नकार दिला.

पुढे मंडळाच्या रौप्यमहोत्सवात तात्यांच्या नावानं करंडक ठेवायचं ठरलं आणि त्यांची परवानगी आणायला कुणीच तयार होईना, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "मी जातो." मला तर हे ऐकून भोवळच यायची बाकी होती.

"तुम्ही? ज्यानं तुमचं नाव बद्दू केलं त्याच्या नावाचा करंडक, आणि विचारायला तुम्ही जाणार?"

"त्याच्यासारखा खेळाडू आपल्या भागात झाला नाही," अण्णा म्हणाले. "माझं नाव वेगळं, त्याचा खेळ वेगळा."

मी बरोबर निघाले. दोघांत एक तरी भांडणारं माणूस असावं म्हणून.

धामणवडी हे तात्यांचं गाव वारणेच्या काठी. आम्ही पोचलो ती नेमकी भैरोबाची जत्रा. इतर गावांत जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. इथं कुस्त्या तर होत्याच, पण त्यांच्या आधी बुद्धिबळाचा फड. तोही देशी नियमांचा, संघटनेच्या बंदीला तिथं कोण विचारतो? तात्या देवळाच्या ओवरीत सागवानी पटाला तेल लावत बसले होते. काळेसावळे, उंच, भुवया इतक्या दाट की डोळे आत कुठंतरी राहिलेले. अण्णांनी नमस्कार केला, करंडकाचं सांगितलं. तात्यांनी तेलाचा बोळा खाली ठेवला नाही.

"जोगळेकर," ते म्हणाले, "खोट्या हातचा मला नारळबी नको. नाव कशाला देताय? जावा."

अण्णांनी पुन्हा नमस्कार केला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "रस पिणार?"

बस्स. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चपला घालायला मागे राहते असं सांगून मी थेट फडाच्या पंचांकडे गेले आणि अण्णांचं नाव देऊन आले.

फड म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा. वर मांडव, खाली घोंगडी, मध्ये चौरंगावर पट. भोवती माणूस नुसता खच्चून भरलेला. पोरं झाडावर, बाया एका बाजूला ओवरीच्या पायऱ्यांवर. मी त्यांच्यात घुसले. शेजारी एक नऊवारीतली ठसठशीत बाई तंबाखू मळत बसली होती.

"तू मास्तराची पोर न्हवं?" तिनं विचारलं. "मी तात्याची भन. आक्का म्हन."

चांगलीच जागा मिळाली होती! पण आता उठायला वाव नव्हता.

पंच ज्ञानू पाटील म्हणजे पहिलवानी अंगाचा, आवाजाला भोंगा लागूच नये असा माणूस. त्यानं अण्णांना फेटा बांधला, खांद्यावर गुलालानं माखलेलं लांबलचक उपरणं घातलं. अण्णांनी ते घडी करून बाजूला ठेवायला घेतलं.

"आं हां! देवाचं उपरनं हाय, मास्तर. डाव संपस्तवर अंगावरनं उतरायचं न्हाई."

"खेळताना अडचण होते."

"देवाची कसली अडचन?"

माणसं हसली. अण्णांनी अवघडून ते पुन्हा खांद्यावर घेतलं. मला त्यांची ती अडचण कळेना. अण्णांना कापडाचा एवढा कसला तिटकारा? घरीही त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या आई कोपराच्या वर कापून शिवायची. उकडतं म्हणून असेल, असं मी समजत होते. पौषातही तेच सदरे का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तात्या आले. त्यांच्याही अंगावर उपरणं होतं, पण त्यांनी ते आडवं घेऊन कमरेला गच्च बांधलं होतं. बसताना ते अण्णांना म्हणाले, "बसाल असं वाटलं न्हवतं."

"मलाही नव्हतं वाटलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पायऱ्यांकडे, म्हणजे माझ्याकडे, एक नजर टाकली.

पाटलानं भोंग्यातून नियम पुकारले. हात लागेल ते मोहरं खेळायचं. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला आणि ते मारता येत असलं, तर मारायचंच. प्यादेमात केली तर वर मानाचा फेटा. आणि राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत.

"म्हणजे?" मी आक्काला विचारलं.

"म्हंजी समोरच्याला लुटायचं, पर पुरता नागडा करायचा न्हाई," आक्का म्हणाली. "राजाजवळ येक तरी मानूस ठेवायचं आन् मग मात करायची. समदं मारलं की जितलेलं हातचं जातं. भल्याभल्यांचं हितं गेलंय. हात शिवशिवतोच की."

हलगी थांबली आणि डाव सुरू झाला.

सुरुवातीला तर माझा जीव टांगणीलाच लागला. तात्या खेळत नव्हते, झोडपत होते. त्यांचा वजीर अण्णांच्या घरात असा शिरला की अण्णांना राजा घेऊन कोपऱ्यात पळावं लागलं. एक हत्ती गेला. माणसं शिट्ट्या मारायला लागली. "सांगली भिजली, सांगली भिजली!" झाडावरची पोरं ओरडली. तात्या अण्णांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हते. मी मनातल्या मनात भैरोबाला नवस बोलले. नवस काय होता ते आठवत नाही, पण भला मोठा होता.

"बिचारा," आक्का म्हणाली.

"कोण? माझे अण्णा?"

"न्हाई गं. माजा भाऊ." तिनं तंबाखू गालात सरकवली. "रातचा झोपत न्हाई. मधीच उटून बसतो. घोडा हलला हुता म्हनतो. 'मी बगितलं, हलला हुता,' आसंच म्हनत बसतो. लोकं म्हनत्यात हारत हुता म्हनून पट उलथला. तसं न्हाई बाय. त्यानं बगितलंच हुतं काय तरी."

 पण मला पहिल्यांदा वाटलं, की या बाईच्या घरीही तो डाव अजून संपलेला नाही.

एवढ्यात फडावर काहीतरी झालं. तात्यांनी साधी मात करायची सोडली. वजिराला बाजूला घेतलं आणि एक प्यादं पुढे सरकवायला लागले. माणसं खूश! "प्यादेमात! प्यादेमात!" सांगलीच्या मास्तराला प्याद्यानं मारायचा, फेटा घ्यायचा आणि वीस वर्षांचा राग एकदाच काढायचा, असा तात्यांचा बेत सरळ दिसत होता. पण त्यात अण्णांना दोन चालींची उसंत मिळाली. पहिल्या चालीत त्यांनी राजा हलवला. दुसऱ्या चालीत त्यांनी घोडा उचलला, अलगद, चिमटीत, आणि तात्यांच्या राजाच्या नि वजिराच्या मधोमध टेकवला.

"शह."

राजा वाचवावा तर वजीर गेला! मी टुणकन उभी राहिले. "अण्णा!"

"बस खाली," आक्का म्हणाली, पण तिचा आवाजही बदलला होता.

तात्यांनी पहिल्यांदा अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. मग घोड्याकडे. कितीतरी वेळ ते त्या घोड्याकडेच बघत राहिले. शिट्ट्या थांबल्या. मग त्यांनी राजा सरकवला आणि वजीर दिला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हत्ती गेला, उंट गेला, आणि शेवटी तात्यांच्या राजाजवळ एकच प्यादं उरलं. पण हुपरीकर ते हुपरीकर! त्यांनी ते प्यादं थेट अण्णांच्या राजाच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"घ्या की, मास्तर! फुकट हाय!" झाडावरून ओरड झाली.

घेतलं की बुर्जी! अण्णांनी हात मांडीवर दाबून धरला होता. घ्यायचं तर नाहीच, पण सोडायचं तरी कसं? प्यादं घर चढत अण्णांच्या बाजूच्या शेवटच्या ओळीकडे निघालं होतं. तिथं पोचलं की देशी नियमानं त्याचा त्या पट्टीतला हत्ती होणार. अण्णांनी एक चाल केली, प्यादं एक घर पुढे आलं. अण्णांनी दुसरी चाल केली, प्यादं आणखी एक घर पुढे. आता ते अण्णांच्या अगदी छातीशी येऊन उभं होतं. एकच पाऊल उरलं होतं.

आणि मला दिसलं. मला बुद्धिबळ फार येत नव्हतं, पण सचिवांच्या घरात वाढले होते. अण्णांचं एक प्यादं पलीकडे, तात्यांच्या राजाशेजारी पोचलं होतं. ते एक घर पुढे सारलं की मात! प्यादेमात! अण्णांनाही दिसलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हात लांब केला, पलीकडचं प्यादं गाठायला कमरेतून वाकले, आणि खांद्यावरचं उपरणं सुटलं.

तात्यांचं शेवटचं प्यादं आडवं झालं.

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग सगळा फड एकदम उठला.

"हात लागला! हात लागला! मारा ते! बुर्जी!"

"नाही लागला!" मी ओरडले. माझा आवाज त्यात कुठंच पोचला नाही. माणसं चौथऱ्याला रेटा देत होती. अण्णा हात तसाच हवेत धरून बसले होते, पांढरेफटक. त्यांनी तो मागेही घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. पाटलानं भोंगा उचलला. "मास्तर, हात लागला का?"

 पुण्यात अण्णांना विचारलेला तोच प्रश्न होता. नाही म्हणाले असते तर धामणवडीत कोण विश्वास ठेवणार होतं? आणि हो कसं म्हणणार?

"मला बसलेल्या जागेवरनं दिसलं न्हाई," पाटील म्हणाला. "तात्या, तुमी समोर हुता. तुमीच सांगा. तुमी म्हनाल ते खरं."

मला वाटलं, संपलं. ज्या माणसानं वीस वर्षं ओरडून सांगितलं, की जोगळेकरांचा हात लागतो आणि ते नाही म्हणतात, त्याच्याच हातात निवाडा! "लागला" एवढं एक म्हणायचं. डाव वाचला, गावात लाज राहिली आणि पुण्याचा डावही खरा ठरला. वर एवढी माणसं साक्षीला.

तात्या आडव्या प्याद्याकडे बघत होते. मग त्यांनी पटावर लोळणाऱ्या उपरण्याचं टोक दोन बोटांत धरलं. दशी. गुलालानं लाल झालेली, गाठ मारलेली दशी. ती त्यांनी हळूच उचलली आणि सोडली. ती प्याद्याला लागली आणि प्यादं जागच्या जागी थोडं गडगडलं.

आक्कानं माझा हात घट्ट धरला.

"हात न्हाई लागला," तात्या म्हणाले.

"काय म्हनला?" पाटलाला ऐकू आलं नसावं.

तात्यांनी त्याच्या हातातून भोंगा काढून घेतला. "हात न्हाई लागला! दशी लागली. मी समोर हुतो, मी बगितलं. मास्तराचा हात खरा हाय." त्यांनी भोंगा परत दिला, प्यादं उचलून त्याच्या घरात उभं केलं आणि अण्णांना म्हणाले, "खेळा."

अण्णांचा एक हात अजून हवेतच होता. त्यांनी दुसऱ्या हातानं उपरणं छातीशी गोळा केलं आणि पलीकडचं प्यादं एक घर पुढे सारलं.

"मात," ते म्हणाले. इतक्या हळू की पाटलाला पटावर वाकून बघावं लागलं.

मग जी हलगी कडाडली! धामणवडीच्या फडावर तात्या हुपरीकर हरले होते, तेही प्याद्यानं. आधी गाव सुन्न झालं आणि मग त्याच गावानं माझ्या अण्णांना खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. अण्णांचा फेटा सुटला, चष्मा कुणाच्या तरी हातात गेला, आणि ते वरून "अहो, खाली ठेवा, अहो!" असं शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगत होते. मी रडत होते, हसत होते, आणि आक्का माझ्या तोंडात पेढा कोंबत होती. आपला भाऊ हरला म्हणून ती पेढा का वाटतेय, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

माणसं कुस्त्यांच्या फडाकडे वळली तेव्हा मी चौथऱ्यावर चढले. तात्या अजून तिथंच बसले होते. अण्णा चष्मा पुसत समोर उभे होते.

"कमरंला बांधायला सांगाय पायजे हुतं मी," तात्या म्हणाले. "बसा."

अण्णा बसले.

"त्या दिशी अंगात काय हुतं तुमच्या?"

"कोट." अण्णांना विचार करावा लागला नाही. "माझ्या सासऱ्यांचा. मंत्री येणार म्हणून हिच्या आईनं घालायला लावला होता."

"बाह्या?"

"बोटांपर्यंत येत होत्या."

तात्यांनी डोळे मिटले. कुस्त्यांच्या बाजूला कुणीतरी पडलं असावं, तिकडून मोठा कल्ला उठला. 

"लागली हुती?"

"मला कळलं नाही, हुपरीकर. देवासमोर बसून सांगतो. घोडा हलला, हे मला तुमच्या तोंडाकडे बघून कळलं. पंचांनी विचारलं, हात लागला का? हात नव्हताच लागला. नाही म्हणालो. कोट लागला का, असं कुणी विचारलंच नाही, आणि मला ते सुचलं घरी गेल्यावर, कोट काढताना. तेव्हापासून..." त्यांनी आपले उघडे हात पुढे केले, कोपरापासून बोटांपर्यंत.

आमच्या घरातल्या सगळ्या कापलेल्या बाह्या एकदम माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पौषातल्यासुद्धा.

"मग सांगायला का आला न्हाई?"

"तुम्ही कुत्रं सोडता म्हणतात."

तात्या हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. "आन् मी पट उलथला," ते म्हणत राहिले. "मंत्र्याफुडं! बाहीपायी! आक्के, ऐकतीस का, बाहीपायी!"

तात्यांच्या नावाचा करंडक आमच्या मंडळात आजही आहे. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, अण्णाही गेले. दरवर्षी बक्षीस समारंभात कुणीतरी वक्ता पट उलथल्याचा किस्सा सांगतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. सांगू देत. खोटं नाही ते. पण तो पट पुन्हा मांडला गेला होता आणि तेव्हा मी तिथं होते, म्हणून हे लिहायला घेतलं.

कारण हसून झाल्यावर तात्यांनी डोळे पुसले आणि समोरच्या पटावरची मोहरी बाजूला काढायला सुरुवात केली. "एस्टी कितीची हाय तुमची?"

"जाईल ती," अण्णा म्हणाले. त्यांना कळलं होतं. मला अजून कळलं नव्हतं.

दोघांनी मोहरी मांडायला घेतली, पण नेहमीच्या जागांवर नाही. राजा कोपऱ्यात, हत्ती मध्येच, उंट भलतीकडे, प्यादी विखुरलेली.  तात्या काळी ठेवत होते, अण्णा पांढरी, चार हात भराभर पटावरून फिरत होते आणि एकदाही कुणी कुणाला अडवलं नाही. वीस वर्षांपूर्वी मंत्र्यांच्या पायांशी गडगडत गेलेलं एकेक मोहरं आपापल्या घरात परत येत होतं. 

शेवटी एक पांढरा घोडा उरला. अण्णांनी तो उचलला नाही. तात्यांनीच उचलला, पटावर ठेवला. घरात नव्हे, दोन घरांमधल्या रेषेवर, जरासा तिरका.

"असा दिसला हुता मला," ते म्हणाले.

अण्णा त्या घोड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उपरणं खांद्यावरून ओढून कमरेला बांधलं, दोन्ही दशा आत खोचल्या. हात पुढे केला आणि घोड्याच्या वर थांबवला.

"नीट करतो," अण्णा म्हणाले.

"करा," तात्या म्हणाले. "आन् खेळा आता बिगी बिगी. चाल तुमची हाय, मी कवाधरनं थांबलोय."